घर क्रमांक सातची बॅटरी

बुधवार, १० मार्च २००४. सकाळी सव्वाअकराला घर क्रमांक सातची बॅटरी जिवंत निघाली.

जलालुद्दीनने हायड्रोमीटरची नळी तिसऱ्या सेलमध्ये पुन्हा बुडवली, रबरी फुगा दाबून सोडला आणि ॲसिडची घनता दाखवणारा काचेतला तरंगता काटा स्थिर होऊ दिला. बाराशे पंचेचाळीस. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला. बाराशे पंचेचाळीसच. बरोबर महिन्यापूर्वी, ११ फेब्रुवारीला, याच घरात, याच लाकडी पेटीत, याच सेलमध्ये अकराशे भरले होते. अकराशे म्हणजे सेल बसला. आणि बसलेला सेल उठत नाही. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर सव्वीस वर्षं ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, जीपच्या बॅटऱ्या उघडून बसलेल्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. जलालुद्दीनने बॅटरी बसली म्हटलं की मालक ती दुसरीकडे दाखवायलाही नेत नसे.

"कोनी बदलली का ही?" त्याने घरातल्या म्हातारीला विचारलं.

"नाई जी," म्हातारी म्हणाली. "दिवा चांगला चालून राह्यला. काऊन, चालू नये का?"

जलालुद्दीनने कंपनीच्या छापील तक्त्यात घर क्रमांक सातसमोर 'चालू' लिहिलं आणि पुढच्या घरी गेला.

बोदनटोला हे कुरखेड्यापलीकडच्या जंगलातलं सत्तावीस घरांचं गाव. विजेची तार अजून पोचली नव्हती, म्हणून आदल्या वर्षीच्या मे महिन्यात सरकारी योजनेतून घरोघरी सौर दिवे बसले. दारात लोखंडी खांब, खांबावर सौर पाटी, भिंतीला लाकडी पेटीत बॅटरी, आणि दिव्याच्या दोन नळ्या. पाट्या उन्हाने, बॅटऱ्या पाट्यांनी आणि नळ्या बॅटऱ्यांनी चालणार, एवढं गावाला दोन दिवसांत समजलं. बसवणाऱ्या कंपनीची वर्षाची गॅरंटी होती, ३१ मे २००४ पर्यंत. तोवर दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी जाऊन बॅटऱ्यांत पाणी घालायचं, घनता मोजायची आणि तक्ता भरून पाठवायचा, हे काम कंपनीने जलालुद्दीनला दिलं होतं. बस, मग काळीपिवळी जीप, मग पाच किलोमीटर सायकल.

फेब्रुवारीत त्याला चार बॅटऱ्या बसलेल्या सापडल्या होत्या. घर सात, बारा, अठरा, तेवीस. चौघींचा तिसराच सेल गेलेला. हा गावकऱ्यांच्या वापराचा दोष नाही, कारखान्यात एकदम निघालेल्या एका घाण्याचा दोष आहे, चारही बदलून द्या, असा शेरा त्याने स्वतःच्या सहीने पाठवला होता.

आज, मार्चमध्ये, त्या चारही घरांत बॅटऱ्या ठणठणीत होत्या. आणि घर तीन, नऊ, चौदा, सव्वीस इथल्या चार बसलेल्या होत्या. तिसराच सेल.

परतीच्या वाटेवर त्याला जानेवारीचा तक्ता आठवला. तेव्हा पाच आणि वीस क्रमांकाच्या घरी बॅटऱ्या मंद होत्या. फेब्रुवारीत दोन्हीकडे चांगल्या. थंडीतलं ऊन कमी पडलं असेल, असं म्हणून त्याने तो विषय सोडला होता. आता तो सोडता येईना. बॅटऱ्यांना ताप येऊन उतरत असल्यासारखं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात हायड्रोमीटर तपासला. ताज्या ॲसिडमध्ये बाराशे ऐंशी, साध्या पाण्यात हजार. चोख. मग त्याने शेजारच्या टायरवाल्याचा हायड्रोमीटर मागून आणला. तोही चोख.

"यंत्र तपासून झालं असंल तर डोळे तपासा," बायको खैरुन म्हणाली. ती दुपारचा डबा घेऊन आली होती. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून मे महिन्याच्या शेवटी बोट ठेवलं. "वाचा."

"एकतीस मे."

"खाली बारीक काय लिहिलं?"

"सोमवार. खैरुन, माह्यी मस्करी करू नको. चार बॅटऱ्या मेल्या, मी सही करून सांगितलं. आता त्या जित्या झाल्या. आता दुसऱ्याच मेल्या."

"मंग चांगलंच हाय न जी. हिसाब बराबर. चार त्या चारच."

ती हसत निघून गेली, पण जलालुद्दीन तिथेच अडकला. चारच. चार का? बसायच्या तर दोन बसाव्यात, सहा बसाव्यात. उठायच्या तर एखादी उठावी. दोन्ही महिन्यांत चारच कशा?

२९ मार्चला अश्वजितचा फोन आला. अश्वजित हा कंपनीच्या चंद्रपूर कार्यालयातला तरुण डिप्लोमा इंजिनियर. बाप बापूराव माजरीच्या कोळसा खाणीत तीस वर्षं खपला, आणि पोरगा उन्हाची वीज मोजतो, याचं जलालुद्दीनला नेहमी कौतुक वाटे. आज मात्र पोराचा आवाज पडलेला होता.

"चाचा, नागपूरचं हेड ऑफिस म्हणते, तुम्ही गावात जातच नाही. घरी बसून तक्ता भरता."

"कोन म्हणते?"

"गॅरंटीचे साहेब. फेब्रुवारीत ज्या मेल्या त्या मार्चमध्ये चालू कशा, हे त्यांना सांगा. नाही सांगता आलं तर एकही बॅटरी बदलून येणार नाही. एकतीस मेनंतर गॅरंटी खलास. मग ते चार घरं कायमचे अंधारात."

"बेटा, मलेच समजून नाई राह्यलं तर त्याईले काय सांगू?"

"तेच तर," अश्वजित म्हणाला. "मी तुमची बाजू घ्यायला तयार आहे. पण बाजू कोणती, ते तरी सांगा."

सव्वीस वर्षांत जलालुद्दीनच्या शब्दावर कुणी असं बोट ठेवलं नव्हतं. तो दुसऱ्या बुधवारची वाट न पाहता गुरुवारी, ८ एप्रिलला, न सांगता निघाला. गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली पोचला तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. बाया सकाळी वेचून वाळत घातलेली फुलं टोपल्यांत भरत होत्या. कुणीतरी ओरडलं, "बॅटरीवाले भाऊ, बुधवार विसरले का?"

तो उत्तर देणार, तोच त्याला गल्लीत दोन माणसं दिसली. खांद्यावर बांबू, बांबूला दोरीने टांगलेली बॅटरी. पुढच्याने "हळू, तेजाब सांडन" म्हणून मागच्याला दटावलं. ते घर क्रमांक सोळातून निघाले, आंब्याला वळसा घातला आणि घर क्रमांक पंधरात शिरले. मिनिटाभराने तीच माणसं तोच बांबू घेऊन बाहेर आली, दुसरी बॅटरी टांगून, आणि ती त्यांनी सोळात नेली.

जलालुद्दीनने सायकल आंब्याला टेकवली. कॅरियरवरची पिशवी काढायचंही त्याला सुचलं नाही.

पंधरा नंबर म्हणजे बुधरीचं घर. सहा दिवसांपूर्वी तिची सून कुरखेड्याच्या दवाखान्यात बाळंत झाली होती आणि आजच बाळाला घेऊन घरी आली होती. ओसरीत गाव पाटील लच्छू बसला होता, बाळाच्या बारशाचं काहीतरी ठरवत.

"या जलालभाऊ," लच्छू म्हणाला. "आज कुठी इकडं?"

"पाटील, ते काय होतं?"

"काय?"

"ते बांबूवर."

"बॅटरी."

"बॅटरी हाय ते मले दिसलं. कुठी नेऊन राह्यले तिले?"

लच्छूला प्रश्नच कळला नाही. त्याने बुधरीकडे पाहिलं. बुधरी म्हणाली, "बाप्पा! घरात पोरगं झालं न. अंधारात ठेवू का त्याले? आमची पाळी चालू होती. सोळावाल्यानं आपली देली."

"कशाची पाळी?"

"अंधाराची," लच्छूने सांगितलं. रानडुकरं राखायची पाळी जशी सांगावी, तशाच आवाजात.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जानेवारीत दोन बॅटऱ्या बसल्या, पुढे चार झाल्या. पहिल्या दोन घरांनी तक्रार केली. गाव बसलं. एकाच घरानं बारा महिने अंधार काऊन सोसावा, असं सगळ्यांचं मत पडलं. ठरलं असं, की मेलेल्या बॅटऱ्या अमावस्येच्या अमावस्येला दुसऱ्या घरी जातील. जिथे बाळंतपण, आजारी माणूस, दहावीचं पोरगं किंवा मयत, त्या घराची पाळी चुकवायची. ज्या घरची माणसं फुलं वेचायला रानात मुक्कामाला असतील, त्यांनी आपणहून पाळी घ्यायची.

"मले काऊन नाई सांगितलं?" जलालुद्दीनचा आवाज चढला.

"तुमी विचारलं कुठी?" लच्छू म्हणाला. "दर महिन्याले येता, पाणी टाकता, बॅटरी कशी हाय ते पाहता. कोनाची हाय, हे एकदाही विचारलं नाई. आमाले वाटलं, तुमाले मालूम असंल. तुमी तर बॅटरीचे डॉक्टर."

"मी पेटीवरचा नंबर पाहतो!"

"पेटी तर भिताडाले ठोकली हाय. ती कशी जाईन?"

बुधरी पदर तोंडाला लावून हसली. जलालुद्दीन ओसरीवर बसला. दुकानात तो गिऱ्हाइकाचं नाव पांढऱ्या ऑइलपेंटने थेट बॅटरीच्या अंगावर लिहायचा. कोणतीही बॅटरी हातात आली की नाव आधी, सेल मागाहून. इथे मात्र कोऱ्या करकरीत सरकारी बॅटऱ्या पाहून त्याचा हात कचरला होता. गॅरंटीच्या मालावर कशाला रंग लावा, म्हणून त्याने घरांचे नंबर पेट्यांवर घातले होते. सुबक, एका मापाचे. आणि दर महिन्याला स्वतःच घातलेल्या नंबरांवर विश्वास ठेवत आला होता. तक्त्यातला बॅटरी क्रमांकाचा रकाना तर कंपनी छापूनच पाठवायची. तो त्याने कधी वाचलाच नव्हता.

त्याच संध्याकाळी त्याने सत्तावीस घरं पुन्हा पालथी घातली. प्रत्येक बॅटरी पेटीतून ओढून काढली, मागच्या बाजूला कोरलेला क्रमांक ओल्या फडक्याने पुसला, घनता मोजली आणि दोन्ही वहीत उतरवलं. लच्छू कंदील धरून सोबत होता. आपल्या घरी आपली बॅटरी असलेली घरं निघाली तीन.

बसलेल्या निघाल्या पाच.

"पाटील, पाचवी कुठची?"

"चारच हायेत."

"मी मोजल्या. पाच. आणि हिचा नंबर माह्या यादीतच नाई."

लच्छूने कंदील खाली आणला, जसा काही नंबर त्यालाही वाचता येणार होता. मग त्याने डोकं खाजवलं. "हे कोसमटोल्याची असंल. आमचे सोयरे. त्यायच्याकडं म्हातारी लय बिमार होती. त्याईची मेलेली इकडं घेतली, आमची चांगली तिकडं देली. होळीच्या पयले."

"दुसऱ्या गावाले?"

"सोयऱ्याले नाई म्हणता येते का, भाऊ?"

कोसमटोल्यातही याच योजनेचे दिवे होते, पण तालुका वेगळा, यादी वेगळी, तिथला देखभालवाला वेगळा. होळीच्या आधी म्हणजे मार्चच्या सुरुवातीला. मग १० मार्चला त्याला चारच कशा सापडल्या? लच्छू म्हणाला, होळीच्या आधी. बुधरी म्हणाली, नाही, होळीनंतर, फुलं पडायला लागल्यावर. सोळा नंबरवाला म्हणाला, त्याला आठवतच नाही. जलालुद्दीनने तिन्ही उत्तरं वहीत लिहिली आणि तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह काढलं.

१६ एप्रिलला अश्वजित ब्रह्मपुरीला दुकानावर आला. वही वाचताना त्याने दोनदा कपाळाला हात लावला.

"चाचा, योजनेचा नियम आहे. दिलेलं सामान दुसऱ्याच्या घरी गेलं की तो गैरवापर. सेट काढून नेतात. पुढच्या गावाची यादी तयारच असते."

"पण चार बॅटऱ्या कारखान्याच्या दोषानं मेल्या. ते खरं हाय."

"ते खरं आहे. हेही खरं आहे." अश्वजितने खुर्ची पुढे ओढली. "असं करा. एका दिवसासाठी सगळ्या बॅटऱ्या आपापल्या घरी लावायला सांगा. मी फोटो काढतो. तक्ता जुळला की चार बदलून येतात. मग ते त्या नाचवोत का मिरवोत."

जलालुद्दीनने हेही करून पाहिलं. लच्छूला विचारलं. लच्छू नाही म्हणाला नाही. गाव बसवतो म्हणाला. गाव बसलं, आणि दोन अडचणी निघाल्या. यादीप्रमाणे मेलेल्या चारपैकी एक बॅटरी मूळची बुधरीची होती.

"फोटूसाठी माह्या नातवाले अंधारात ठेवता का?" बुधरीने भर बैठकीत विचारलं. "तुमचा साहेब येऊन झोपंल का त्याच्यापाशी?"

एका दिवसाचाच प्रश्न आहे, असं जलालुद्दीन म्हणाला. साहेबाचा एक दिवस किती दिवसांचा असतो ते पाहिलं आहे, असं बुधरी म्हणाली. यावर सगळं गाव हसलं आणि जलालुद्दीनलाही हसू आवरलं नाही. दुसरी अडचण अशी, की कोसमटोल्याची म्हातारी अजून बिछान्यातच होती. तिच्या उशाची बॅटरी काढून आणायला कुणी तयार होईना.

घरी आल्यावर तो दोन दिवस कागद घेऊन बसला. खरं लिहिलं तर दिवे जातील. जुळवून लिहिलं तर चार बॅटऱ्या येतील, पण बुधरीच्या घरी फोटो काढायला आलेला माणूस पहिल्याच पेटीत पकडेल. काहीच नाही लिहिलं तर एकतीस मे येणार होता. गावाने चूक केली का, हे त्याला ठरवता येईना. आपण केली, एवढं नक्की होतं.

"दोन्ही खरं हाय म्हणता न?" खैरुन म्हणाली. "मंग दोन्ही लिहा. कायले डोकं फोडून घेता?"

त्याने दोन्ही लिहिलं. पहिला कागद बॅटऱ्यांचा: अमुक क्रमांकाच्या चार बॅटऱ्या, चौघींचा तिसरा सेल, कारखान्याचा दोष, गॅरंटीत बदलून द्याव्यात. दुसरा कागद घरांचा: कोणत्या घरी कोणत्या क्रमांकाची बॅटरी सापडली, पाचवी कोसमटोल्याची कशी, आणि खाली एकच ओळ, 'गावाने अंधाराची पाळी लावली आहे, कोणी काही विकलेले नाही.' दोन्हींवर सही केली आणि २६ एप्रिलला एकाच लिफाफ्यात, रजिस्टर पोस्टाने, नागपूरला पाठवले.

लिफाफा एक होता, पण नागपुरात टेबलं दोन होती. एक कागद गॅरंटीच्या टेबलावर गेला, दुसरा योजनेच्या. हे जलालुद्दीनला २८ मे रोजी कळलं, जेव्हा अश्वजितने फोनवर दोन पत्रं वाचून दाखवली. पहिल्यात, बोदनटोल्याला चार बॅटऱ्या तातडीने पोचत्या कराव्यात. दुसऱ्यात, बोदनटोल्याचे सत्तावीसही सेट उतरवून ताब्यात घ्यावेत.

"आधीचं कोणतं, बेटा?"

"दोन्हींवर एकच तारीख आहे, चाचा. पंचवीस मे."

"मंग मानायचं कोणतं?"

"मी विचारलं. ते म्हणाले, आदेशाप्रमाणे करा. उद्या नागपूरहून ट्रक निघते आहे."

"कशासाठी?"

"ते फक्त ट्रक म्हणाले," अश्वजित म्हणाला.

शनिवारी, २९ मेला, जलालुद्दीन सकाळी साडेनऊलाच कुरखेड्याच्या एसटीडी बूथवर येऊन बसला. लच्छू आणि दोघे जण गावाहून चालत आले होते. बाकीचं गाव दारात बसलं असल्याचं त्यांनी सांगितलं. बुधरीने पेटीला कुलूप घातलं होतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी ब्रह्मपुरीहून खैरुनचा फोन आला. कंपनीचं नाव लिहिलेला ट्रक बसस्टँडसमोर चहाला थांबून आत्ताच कुरखेड्याच्या वाटेवरच्या वडशाकडे गेला होता.

"भरलेला होता का खाली?" जलालुद्दीनने विचारलं.

"ताडपत्री बांधून होती."

"ताडपत्री तर दोन्हीले बांधतात. ड्रायव्हरले विचारलं नाई?"

"विचारलं न. तो म्हणते, कागद कुरखेड्याच्या पुढं उघडाचे हायेत."

"टायर दबले होते का? कमान्या पाहिल्या?"

"अजी, चार बॅटऱ्यांनं ट्रक दबते का?"

दबत नाही. जलालुद्दीनने रिसीव्हर ठेवला. लच्छूने काय झालं असं विचारलं, तेव्हा त्याने जेवढं ठाऊक होतं तेवढंच सांगितलं. बारा वाजून दहा मिनिटांनी वडशाच्या, आधीच सांगून ठेवलेल्या पानठेलेवाल्याकडून फोनवर निरोप आला, की ट्रकने रेल्वे फाटक ओलांडलं आहे आणि तो कुरखेड्याच्या रस्त्याला लागला आहे.